साहेबाच्या शिव्या तारखेसकट लिहून ठेवा

रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी बरीच वर्षं अकाउंट्स आणि पगाराचं काम पाहिलं. राजीनामे माझ्याच टेबलावरून जायचे. अपमान सहन करून करून एक दिवस माणूस तडकतो आणि हातात एकही कागद न घेता निघून जातो. मग त्याचा हिशेब अडकतो, अनुभवाचं पत्र अडकतं, आणि साहेब पुढच्या मुलाला धरतो. हे बघवत नाही, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी वही करा. ती घरची हवी, कारण ऑफिसचा लॅपटॉप कधीही काढून घेतात. प्रकार घडला त्याच दिवशी लिहा. ठाण्याच्या गाडीत बसायला मिळालं तर तिथेच. 'साहेब फार वाईट बोलले' याला चौकशीत काडीची किंमत नसते. असं लिहा: 'मंगळवार, तारीख अमुक, सकाळी ११.२०, डिस्पॅचच्या टेबलापाशी. चलनावर गाडीचा नंबर चुकला म्हणून साहेब म्हणाले, "अक्कल घरी ठेवून येतेस का? उद्यापासून येऊ नकोस."' तेव्हा शेजारी कोण उभं होतं, त्यांची नावंही लिहा. शिवी दिली असेल तर तीही जशीच्या तशी. लाज देणाऱ्याला वाटली पाहिजे, तुम्हाला नाही.

दुसरं, तोंडी हुकूम मेलवर आणा. असले साहेब मुद्दाम काही लिहून देत नाहीत, म्हणून ते तुम्हीच लिहायचं, अगदी नम्रपणे: 'सर, आज दुपारी आपण सांगितल्याप्रमाणे स्टॉकचा रिपोर्ट रात्रीपर्यंत द्यायचा आहे. गोदामाचे आकडे अजून आलेले नाहीत. आल्यावर लगेच काम पूर्ण करते.' मेलमध्ये राग, टोमणा, उद्गारचिन्ह काही नको. उद्या 'हिनेच काम रखडवलं' असं कोणी म्हणालं तर हा मेल पुढे ठेवता येतो. कंपनीच्या फाइली मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तुम्हाला काढायला आयतं कारण मिळेल. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ हे तुमचे कागद, ते आधीच घरी असू द्या.

केबिनमध्ये बोलावून 'आत्ताच्या आत्ता राजीनामा लिही' म्हणाले तर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच, मागची तारीख घालून नाही. 'घरी बोलून उद्या मेलवर कळवते' एवढंच म्हणा आणि बाहेर या. दार अडवून बसवणारे पाहिलेत मी. तेव्हा सरळ घरच्यांना फोन लावा, त्यांच्यासमोरच.

कायद्याचं थोडक्यात. नुसत्या आरडाओरड्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाला तर त्यासाठी आहे, २०१३ चा; नकोसा स्पर्श, घाणेरडे विनोद, तसले मेसेज सगळं त्यात येतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, पनवेल रायगडात. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा लागतो.

ज्याच्यासमोर हे घडलं त्याला संध्याकाळी स्टेशनकडे चालताना विचारा, 'गरज पडली तर सांगशील ना?' तो नाही म्हणाला तर मनात धरू नका, त्याच्याही घराचे हप्ते चालू असतात. पण 'जाऊ दे, स्वभावच तसा आहे त्यांचा' हे ऐकून गप्प बसू नका. हाच स्वभाव मालकासमोर बरोबर आवरता येतो त्यांना.

झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडत असेल, तर १४४१६ लावा. मनाच्या त्रासासाठीचा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. एरवी पुढची ऑफर लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा पाठवू नका. पण जिवावरच बेतत असेल तर ऑफरची वाट बघायची नाही, घरी सांगायचं आणि निघायचं.