शर्यतीनंतरची पोटरी: कोणत्या दिवशी कोणता हात

शर्यत संपवून आलेला धावपटू टेबलावर पालथा झोपला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, जोर लावून करा, दुखलं तरी चालेल." हे काम करायला लागून मला अठरा वर्षं झाली. धावणारे, सायकलवाले, फुटबॉलवाले, कितीतरी जणांच्या पोटऱ्या हाताखालून गेल्या, आणि माझं उत्तर आजही तेच असतं: आज नाही, परवा बघू. जोर किती लावायचा हे ठरवण्याआधी मी एकच विचारते, धावून किती तास झाले?

घरी एकमेकांचे पाय चोळून देणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. धावपटूची बहीण, नवरा, सरावातला जोडीदार, कोणालाही हे शिकता येतं. पोटरीवर तयार झालेला हात पुढे मांडीवरही चालतो, म्हणून पोटरीच सविस्तर सांगते.

त्याआधी एका समजुतीबद्दल बोलायला हवं. फार श्रम झाले की आपण "अंग आंबलं" म्हणतो. शब्द अगदी अचूक आहे, पण त्यापाठोपाठ अनेकांना वाटतं की स्नायूत लॅक्टिक ॲसिड साचून राहतं आणि मसाजने ते पिळून निघतं. तसं होत नाही. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून संपवतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे आणि तिची डागडुजी चालू असताना होणाऱ्या दाहामुळे. उतारावर धावताना स्नायू लांबत लांबत भार पेलतो, तेव्हा ही इजा जास्त होते. दुखणं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं. म्हणून शर्यतीच्या संध्याकाळी "मला काहीच होत नाहीये" म्हणणारा दोन दिवसांनी कठड्याला धरून उतरतो.

मग मसाजने होतं काय? २०१२ साली प्रसिद्ध झालेला, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला एक प्रयोग मला फार आवडतो. ११ तरुणांना पुरतं थकेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला १० मिनिटं मसाज केला आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. मसाज झालेल्या पायात दाहाच्या खुणा कमी दिसल्या. लॅक्टिक ॲसिडमध्ये मात्र फरक नव्हता. मसाज केला म्हणून पुढच्या वेळी कोणी जास्त वेगाने धावेल असं मी कधी सांगत नाही. दुखणं कमी होतं, सांधा थोडा मोकळा हलतो, झोप बरी लागते. दमलेल्या माणसाला एवढं खूप असतं.

आता हात. पहिल्या दिवशी, म्हणजे शर्यतीनंतरच्या काही तासांत, धावपटूला आधी थोडं चालू द्या, पाणी प्यायला द्या, ओले कपडे बदलू द्या. मग पालथं झोपवा आणि घोट्यांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. टॉवेलमुळे गुडघा किंचित वाकतो आणि पोटरी सैल सुटते. तो नसेल तर पाऊल ताणलेलं राहतं आणि तुम्ही फुकट ताठरलेल्या स्नायूशी झगडत बसता.

तेल लावण्याआधी कोरडे तळहात दोन्ही पोटऱ्यांवर एकदम ठेवा आणि अर्धा मिनिट नुसते राहू द्या. ही पायरी कोणीही वगळू नये. एकच पोटरी सुजलेली, गरम किंवा लालसर वाटली, आणि एकाच बाजूला ठणका असेल, विशेषतः लांबचा बसून प्रवास झालेला असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला मसाज करायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. लघवी गडद तपकिरी होत असेल आणि स्नायू असह्य दुखत असतील तर थेट हॉस्पिटल. नडगीच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागी टोचून दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, तिथे चोळून काही साधत नाही. ताप, उघडी जखम, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हेही विचारून घ्या.

सगळं ठीक असेल तर थोडंसं तेल आपल्या हातांवर चोळून घ्या. जास्त झालं की हात घसरतो आणि खालचं काही कळत नाही. घोट्यापासून वर गुडघ्याकडे, पूर्ण तळहात टेकवून, एका फेरीला पाच-सहा सेकंद लागतील इतक्या सावकाश न्या. गुडघ्यामागची खळगी आली की दाब सोडून द्या, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. परत येताना हात पोटरीच्या कडांवरून हलकेच खाली आणायचा, त्वचेवरून उचलायचा नाही. प्रत्येक पायाला पाच ते सात मिनिटं. पहिल्या दिवशी एवढंच. अंगठा लावायचा नाही, गाठी शोधायच्या नाहीत.

खोल हात दोन दिवसांनी, तोही दुखणं उतरणीला लागलं असेल तर. पोटरीत एकावर एक दोन मुख्य स्नायू आहेत. वरचा, दोन फुगीर भागांचा, गॅस्ट्रोक्नीमियस. त्याच्याखाली पसरट सोलियस. वरचा गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला चिकटतो, खालचा गुडघ्याच्या खालीच संपतो. या एका गोष्टीवर बरंच काही अवलंबून आहे. पाय सरळ असताना तुम्ही वरच्यावर काम करता. गुडघा वाकवला की वरचा ढिला पडतो आणि सोलियसपर्यंत बोटं पोचतात.

सरळ पायावर सुरुवात करा. पहिल्या दिवसाच्या चार-पाच फेऱ्या, मग दोन्ही हातांनी पोटरी मळायची: एका हाताने उचलायची, हलकी दाबायची, दुसऱ्या हातात सोपवायची. तीनेक मिनिटांत ती ऊबदार आणि मऊ होते. आता अंगठा बाहेरच्या फुगीर भागावरून खालून वर सरकवा. मध्येच कुठेतरी दोरीसारखी पट्टी लागेल आणि झोपलेला माणूस "हां, तिथेच" म्हणेल. आपण तिला गाठ म्हणतो, पण तिथे खरोखर काही बांधलेलं नसतं. ती घट्ट, हळवी झालेली जागा असते. तिला रगडू नका. अंगठा टेकवा, तो पहिल्यांदा अडतो तिथेच थांबा, आणि समोरच्याला सावकाश श्वास सोडायला सांगा. पहिल्या श्वासाला काही होत नाही. दुसऱ्याला पट्टी अंगठ्याखाली थरथरल्यासारखी होते. तिसऱ्या-चौथ्याला ती आपणहून खाली बसते आणि अंगठा जोर न वाढवता आत जातो. पहिल्यांदा हे हाताला कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो पाय सोडलाच नव्हता. २०-३० सेकंद झाले की अंगठा तसाच ठेवून त्याला पाऊल वरखाली हलवायला सांगा, पाच-सहा वेळा. मग पुढची जागा.

सोलियससाठी गुडघा काटकोनात वाकवून पाऊल आपल्या खांद्याला टेकवा आणि पोटरीच्या खालच्या अर्ध्या भागात दोन्ही कडांनी बोटं आत घ्या. चढावर खूप धावणाऱ्यांची हीच जागा दुखरी असते, आणि घरच्या मसाजात हीच राहून जाते.

दाब मोजायचा समोरच्याच्या शरीरावरून. शून्य ते दहा विचाराल तर सहाच्या पुढे जाऊ नका, पण तोंडी आकड्यावर फार विसंबू नका, खेळाडू सहन करण्यात पटाईत असतात. पायाची बोटं आवळली गेली, श्वास रोखला, उशी घट्ट धरली, की दाब जास्त झाला. स्नायू तेव्हा सैल पडायचा सोडून स्वतःला वाचवायला लागतो.

स्वतःच्या अंगठ्यांचीही काळजी घ्या. कोपर सरळ ठेवून शरीराचं वजन पुढे झुकवा, बोटांच्या ताकदीने दाबू नका. मांडीसारख्या मोठ्या स्नायूवर तर पुढच्या हाताचा, मनगट ते कोपर हा सपाट भाग वापरा.

एक प्रसंग सांगते, तो माझ्या मनातून जात नाही. या कामातलं माझं दुसरं वर्ष. एका फुटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या मांडीवर दुसऱ्याचा गुडघा जोरात बसला होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, आत गोठलेलं रक्त मोकळं करावं म्हणून मी ती जागा खोल चोळली. त्याला बरं वाटावं हाच हेतू होता. काही आठवड्यांनी त्याचा गुडघा पुरता वाकेना. एक्स-रेमध्ये मांडीच्या स्नायूत हाडासारखा थर दिसला. मोठ्या मुक्या मारानंतर असं होऊ शकतं, आणि त्या जागेवर लवकर केलेला खोल मसाज हा धोका वाढवतो. त्या मुलाचा हंगाम गेला. तेव्हापासून मुका मार लागलेल्या जागेला मी सुरुवातीच्या दिवसांत हात लावत नाही. थंड शेक, हलकी दाबपट्टी आणि डॉक्टरांचा सल्ला, एवढंच.

फाटलेल्या स्नायूचंही तसंच. धावताना मागून कोणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं असेल तर पोटरीचा स्नायू किंवा त्याला टाचेशी जोडणारा जाड दोर, म्हणजे अकिलीस टेंडन, फाटलेला असू शकतो. पालथं झोपवून पाऊल टेबलाबाहेर मोकळं सोडा आणि पोटरी मधोमध हलकेच दाबा. एरवी पाऊल आपोआप हलतं. हललं नाही तर तसंच उठवून डॉक्टरकडे न्या.

फोम रोलर, म्हणजे ज्यावर पाय ठेवून पुढेमागे फिरवतात ती फोमची गोल लोडासारखी वस्तू, वापरत असाल तर सावकाश, एका स्नायूला एक-दोन मिनिटं पुरे. मांडीच्या बाहेरच्या बाजूची आयटी बँड नावाची पट्टी रोलरवर चिरडत बसू नका; ती फार चिवट असते, रोलरने लांबत नाही. तिला ओढणारे स्नायू कुल्ल्यात आणि कमरेच्या पुढच्या बाजूला आहेत, तिथे वेळ द्या. शर्यतीआधीचे दोन-तीन दिवस खोल हात बंद. शर्यतीच्या सकाळी हवं तर भराभर, वरवर, पाच-दहा मिनिटं.

मसाज संपला की मिनिटभर टेबलाच्या कडेवर बसवा, लगेच उभं राहिल्यास चक्कर येते. आणि तळव्यांचं तेल कोरड्या कापडाने नीट पुसून मगच पाय जमिनीवर टेकवू द्या, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पहिल्याच पावलाला घसरायला होतं.