विद्यापीठाची साइट खरी की बनावट? फी भरण्याआधी एवढं बघा

इंदूरच्या भंवरकुआं भागात भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीचा क्यूआर कोड स्कॅन करून मुलांची फी भरू नका. पत्ता स्वतः टाइप करा आणि त्यातलं साइटचं नाव, म्हणजे पहिल्या एकेरी तिरक्या रेषेआधीचा भाग, उजवीकडून वाचा.

इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाचा पत्ता 'डीएयूनिव्ह डॉट एसी डॉट इन'. 'एसी डॉट इन'ची नावं केंद्र सरकारची अर्नेट इंडिया ही संस्था कागदपत्रं पाहून फक्त शिक्षणसंस्थांना देते. 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ओआरजी' थोड्याशा पैशांत कुणालाही मिळतं. फसवणारे 'एसी डॉट इन'च्या नंतर आणखी टिंब देऊन दुसरं नाव जोडतात. साइट त्या शेवटच्या नावाची असते, विद्यापीठाची नव्हे. अर्थात शेपूट पाहून लगेच निकाल देऊ नका, ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठाचा पत्ता 'डॉट ईडीयू' आहे. पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं तर त्यावर मुळीच विसंबू नका. ते बनावट साइटलाही फुकट मिळतं.

खरी तपासणी साइटच्या बाहेर होते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साइटवर केंद्रीय, राज्य, अभिमत आणि खासगी अशा चार याद्या आहेत, बोगस विद्यापीठांची यादी वेगळी. नाव अक्षर न् अक्षर जुळवा, कारण एखादा शब्द मागेपुढे करूनच फसवतात. आयएसओचं दर्जा-प्रमाणपत्र, एमएसएमईची लघुउद्योग नोंदणी किंवा ट्रस्टची नोंदणी यांनी पदवी देण्याचा हक्क मिळत नाही, तो १९५६च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२मधून येतो. दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाचं 'इंदूर सेंटर' दिसलं तर तिथेच थांबा, त्यांना राज्याबाहेर सेंटर काढता येत नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्स असेल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या साइटवर त्या सत्रासाठी तोच कोर्स आहे का, ते बघा. नॅक म्हणजे शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद, तिचा दर्जा तिच्याच साइटवर तपासा, मुदतही पाहा.

मग साइटच्या आत शिरा. खऱ्या विद्यापीठाकडे जुने निकाल, वेळापत्रकं, निविदा, माहिती अधिकाराचं पान असा ढीगभर पसारा असतो. तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ, मेलेल्या लिंका यांनी बिचकू नका, सरकारी विद्यापीठांचं असंच असतं. जिथे सगळं चकचकीत आणि फक्त 'अ‍ॅडमिशन ओपन', तिथे सावध व्हा.

फॉर्म भरताना पान एमपी ऑनलाइन या मध्य प्रदेशच्या सरकारी पोर्टलवर गेलं तरी हरकत नाही, आपल्याकडे अशीही पद्धत आहे. मात्र साइटचं नाव 'एमपीऑनलाइन डॉट जीओव्ही डॉट इन' असंच संपायला हवं. यूपीआयवर पिन टाकण्याआधी पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर मागे फिरा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते आणि गोठवणं अवघड होतं.