पट्टा का तुटला, हे तुटलेल्या पट्ट्यालाच विचारा

मागच्या पावसाळ्यात इंदुरातल्या एका शाळेच्या मैदानावर गवत कापायच्या राइड-ऑन मशीनने, म्हणजे वर बसून चालवायच्या मोवरने, दोन महिन्यांत इंजिनाचा जोर पात्यांपर्यंत नेणारे तीन पट्टे खाल्ले. माळ्याचा फोन आला की शब्द ठरलेले, "काका, बेल्ट फिर गया. माल डुप्लिकेट था." पहिल्या दोन वेळा मीही काही न बघता सियागंजातून नवा पट्टा आणला, चढवला, पैसे घेतले आणि रामबागेत घरी येऊन जेवलो. तिसऱ्या वेळी स्वतःचीच लाज वाटली. वडील इथल्याच एका कापड गिरणीत फिटर होते. तुटलेला पट्टा ते आधी खिळ्याला टांगायचे, सावकाश निरखायचे आणि मगच स्टोअरमध्ये नवा मागायला माणूस पाठवायचे. मी नेमकं उलटं करत होतो.

म्हणून पहिलं काम हे, की जुना पट्टा फेकू नका. नीट बसलेला पट्टा दोन-तीन हंगाम सहज काढतो. त्याआधी गेला तर कारण मशीनमध्ये आहे नाहीतर माणसात, आणि त्याची खूण पट्ट्यावर उमटलेली असते. पट्टा उजेडात धरा, उलटा वाकवून आतली बाजू बघा, सगळ्या लांबीवर अंगठा फिरवा.

दोन्ही कडा आरशासारख्या गुळगुळीत, कडक आणि जळका वास, म्हणजे पट्टा घसरत होता. ताण कमी, स्प्रिंग थकलेली, किंवा गवत झेपेल त्याहून जास्त. पण जळाल्याची खूण एकाच जागी असेल, बाकी पट्टा बरा असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पट्टा जागीच थांबला होता आणि इंजिनाची पुली त्याच्याखाली फिरत राहिली. पात्यात फांदी किंवा दोरी अडकली असेल, नाहीतर पात्याच्या स्पिंडलचं, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याचं, बेअरिंग जाम असेल. आतल्या बाजूला आडव्या भेगा दिसल्या तर उष्णता किंवा वय. रबर फुगून मऊ, चिकट झालं असेल तर वर कुठेतरी ऑइल गळतंय किंवा कुणीतरी ग्रीस सढळ हाताने भरलंय. पाठ घासलेली असेल तर आयडलर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी, पाठीवर चालणारी सपाट पुली फिरत नाहीये, किंवा पट्टा उडू नये म्हणून लावलेली सळी वाकून त्याला टेकतेय. आणि एकच कड झिजून धागे सुटले असतील तर पुल्या एका रेषेत नाहीत.

शाळेचा तिसरा पट्टा हा शेवटचा प्रकार होता. दुसरा मी माळ्याकडून कचऱ्यातून काढवला. त्याच्या कडा चांगल्या, तुटला मात्र एकाच जागी, खटकन. तो माझाच प्रताप होता. घाई होती म्हणून मी आयडलर सैल न करता स्क्रू-ड्रायव्हर घालून पट्टा पुलीवर ओढून चढवला होता. तसं केलं की कडेच्या आतल्या दोऱ्या तिथेच तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, पण काही तासांनी पट्टा उलटा होतो नाहीतर तुटतो. पहिला पट्टा सापडलाच नाही, त्यामुळे त्याचा आळ कुणावरही घेत नाही.

आता मशीन. हात घालण्यापूर्वी किल्ली काढा आणि स्पार्क प्लगची वायरही काढून बाजूला बांधा. आयडलरच्या स्प्रिंगपासून तोंड लांब ठेवा, ती सुटली तर डोळा शोधते. पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा बोटांना वाळू फिरल्यासारखं वाटलं तर बेअरिंग गेलं. बऱ्याच मशीनांच्या आयडलरमध्ये 6203 नंबरचं बेअरिंग निघतं, म्हणजे 17 मिलिमीटर भोक, 40 बाहेरचा व्यास, 12 जाडी. सियागंजात ते कुठेही मिळतं, पण दोन्हीकडे रबरी सील असलेलंच मागा. पत्र्याच्या झाकणाचं स्वस्त पडतं, पण आपल्या माळव्याच्या काळ्या मातीची धूळ त्यातून आत जाते. आणि मशीन धुताना पाण्याची जोराची धार थेट बेअरिंगवर मारू नका. किती जणांना सांगितलं, कुणी ऐकत नाही.

बेअरिंग चांगलं निघालं म्हणून थांबू नका. आयडलरचा हात ज्या बुशवर, म्हणजे छोट्या नळीवर, फिरतो ते हलवून बघा. शाळेच्या मशीनमध्ये तेच लंबगोल झालं होतं. मशीन उभी असताना पुली सरळ दिसायची, पण पाती इंजिनाला जोडली आणि स्प्रिंगने ओढलं की एका अंगाला झुकायची आणि पट्ट्याची कड खायची. म्हणून रेषा तपासायची ती पट्टा चढवून, स्प्रिंगचा ताण आलेला असताना. इंजिन अर्थातच बंद. दोन पुल्यांच्या कडांना सरळ पट्टी टेकवा, अंतर जास्त असेल तर सुतळी ताणा. पुल्यांमध्ये 300 मिलिमीटर अंतर असेल तर अडीच मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. लेथवर नवं बुश करून घेतलं, खर्च पट्ट्याहून कमी आला.

पुलीची खाचही बघा. नवा पट्टा त्यात बसवला की त्याची पाठ पुलीच्या कडेच्या बरोबरीने किंवा किंचित वर राहायला हवी. पट्टा खाली बुडाला आणि खाचेचा तळ चकचकीत दिसला तर पुली झिजली आहे. व्ही-पट्टा, म्हणजे असा आत निमुळता होणारा पट्टा, ओढतो तो खाचेच्या बाजूंनी. तळाला टेकला की पाचर सैल पडते आणि नवा पट्टाही आठवड्यात जळतो.

दुकानातल्या फसगतीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मे पट्टे इथेच मरतात. 'ए' सेक्शनचा, म्हणजे 'ए' मापाचा, साधा व्ही-पट्टा 13 मिलिमीटर रुंद. मोवरचा पट्टाही दिसायला जवळपास तेवढाच, म्हणून दुकानदार "वही है" म्हणून देऊन टाकतो. पण मोवरच्या पट्ट्याला पाठीवरही वाकावं लागतं आणि घसरत घसरत क्लचसारखं पकडावं लागतं. त्यासाठी अनेक कंपन्या आत अ‍ॅरामिड या मजबूत कृत्रिम तंतूचे धागे घालतात. कापलेल्या टोकाला ते बहुधा पिवळसर दिसतात, साध्या पट्ट्यातले पॉलिएस्टरचे पांढरे. लांबीचाही घोळ होतो. ए-42 मधले 42 इंच आतल्या बाजूचे असतात, आणि तुम्ही सुतळीने मोजता बाहेरून, तेही ताणून लांबलेल्या जुन्या पट्ट्यावर. सरळ मशीनच्या पुस्तकातला पार्ट नंबर घेऊन जा. अ‍ॅरामिडचा पट्टा घडी घालून डिकीत कोंबू नका, तीक्ष्ण मोड त्याला सोसत नाही.

आणखी एक इलाज इकडे फार चालतो, पट्ट्याला राळ चोळायचा. हे पिठाच्या गिरणीवाल्यांकडून आलं. सपाट पट्ट्याला ते शोभतं, वडिलांच्या गिरणीतही लावायचे. व्ही-पट्ट्याला लावलं तर तो दोन दिवस गप्प बसतो आणि मग माती धरून कडा खरवडतो. किंचाळी बंद झाली म्हणून माळी खूश, रोग आतच.

राहिला चालवणारा. जुलैत आठवडाभर झड लागली की गवत गुडघ्याला येतं, आणि मग सकाळी दहिवर असतानाच एका फेरीत सगळं साफ करायचं असतं. दुपारपर्यंत थांबा, पहिली फेरी उंच कापा. पाती जोडताना रेस मधली ठेवा, पूर्ण रेसवर झटका देऊ नका. दर वेळी काम संपलं की डेकवरची, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या खोक्यावरची, झाकणं काढून ओला चुरा ब्रशने झाडा. तो पुलीभोवती साचून वाळतो आणि पट्ट्याला शेकत ठेवतो.

नवा पट्टा चढवल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि मशीन किती तास चालली ते दाखवणाऱ्या अवर-मीटरचा आकडा पेंटने लिहा, म्हणजे पुढच्या वेळी "अभी तो डाला था" यावर वाद नाही. मग दहा-पंधरा मिनिटं गवत कापा, इंजिन बंद करा, किल्ली काढा, सगळं फिरायचं थांबू द्या आणि आधी हात जवळ नेऊन, मग बोट लावून एकेक पुली तपासा. सगळ्या सारख्या कोमट असतील तर घरी जा. एखादीवर बोट ठेववत नसेल, तर झाकण पुन्हा उघडा आणि त्याच पुलीपासून सुरुवात करा.