गच्चीवर फोम बोर्ड टाकायचाय? मग आधी वजनकाटा काढा

आमचं घर अकोल्यात, पाच इंची स्लॅब, वर उघडी गच्ची. मे महिन्यात रात्री अकराला स्टुलावर चढून छताला हात लावला तरी चटका बसतो, आणि पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येते. म्हणून काही वर्षांपूर्वी मी स्वस्तात पॅकिंगचा थर्माकोल आणून वर टाइल्स बसवून घेतल्या. पहिला उन्हाळा बरा गेला, पावसाळ्यानंतर टाइल्स पोकळ वाजायला लागल्या, एक उचकटून बघितली तर खालचा थर्माकोल हातात घेतल्या घेतल्या पाणी गळायला लागलं आणि दाणे सुटे झालेले. सगळं उखडून परत केलं, तेव्हा जे शिकलो ते सांगतो.

आधी ठरवा की बोर्ड स्लॅबच्या वर बसणार की खाली. जमत असेल तर वरच टाका, कारण खाली लावला की स्लॅब दिवसभर तापतच राहतो, तडे जायचे ते जातातच, शिवाय घरातल्या बाजूला उघडा फोम ठेवणं आगीच्या दृष्टीने चुकीचं, तो जिप्सम बोर्डाने झाकावाच लागतो. फ्लॅटवाल्यांनो, गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे लेखी परवानगी आधी. आणि पत्र्याचं घर असेल तर हा लेख सोडा, तिथे सरळ पफचे (पॉलीयुरेथेन फोमचे) सँडविच पॅनेल बघा, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेले.

मग फोम कुठला? बाजारात तीन मिळतात. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोल, दाणे दाबून केलेला, दाण्यांच्या मधून पाणी शिरतं. एक्सपीएस एकसंध असतो, बंद पेशींचा, पाणी जवळजवळ पीत नाही. पफ किंवा त्याचाच भाऊ पीआयआर उष्णता अडवण्यात सगळ्यात भारी, के व्हॅल्यू, म्हणजे फोममधून उष्णता किती वाहते तो आकडा, ०.०२३ च्या आसपास (एक्सपीएसची साधारण ०.०३, थर्माकोलची ०.०३६, जितकी कमी तितकं चांगलं), पण ओल लागली की त्याची ताकद उतरते. कागदावर पफ जिंकतो हे खरंय, पण आपल्या गच्चीवर चार महिने पाऊस, वर पाण्याची टाकी, उन्हाळ्यात पापड-कुरडया घालायला सगळ्यांची ये-जा, त्यामुळे तिथे मी तरी एक्सपीएसच घेईन.

जाडीत लोक फार गोंधळतात. पाच इंची काँक्रीट उष्णता किती अडवतं माहितीय? अडीच एमएम एक्सपीएसइतकी! म्हणून पहिल्या एका इंचातच छतातून येणारी उष्णता अंदाजे तीन चतुर्थांश कमी होते, दोन इंचात ८५ टक्क्यांच्या आसपास, आणि तिसऱ्या इंचाला जेमतेम चार-पाच टक्के पदरात पडतात. इको निवास संहिता २०१८ मध्ये, म्हणजे घरांसाठीच्या सरकारी ऊर्जाबचत नियमावलीत, छताचा यू व्हॅल्यू (अख्ख्या छतातून उष्णता किती शिरते तो आकडा) जास्तीत जास्त १.२ सांगितलाय, तो २५ एमएममध्येसुद्धा बसतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश असेल तर ५० एमएम घ्या, पुण्यात २५ ते ४० पुरे. तीन इंच विकणाऱ्याला नमस्कार करा. हां, आणि कोणी “आर टेन आहे साहेब” म्हणाला (आर म्हणजे बोर्ड उष्णता किती अडवतो तो आकडा, जितका जास्त तितकं चांगलं) तर तो अमेरिकन आकडा असतो, आपल्या मेट्रिक हिशोबात तो ५.६८ ने भागायचा, म्हणजे १.७६. दोन कंपन्यांची तुलना करताना इथेच फसायला होतं.

आता वजनकाटा. गच्चीसाठी डेन्सिटी ३२ ते ३६ (किलो दर घनमीटरला) हवी, आणि ती मोजायला लॅब लागत नाही. १२५० बाय ६०० चा ५० एमएम बोर्ड ३२ डेन्सिटीचा असेल तर वजन १ किलो २०० ग्रॅम भरलं पाहिजे. मी घरातला काटा पिशवीत घालून दुकानात गेलो, दुकानदार बघतच राहिला. बोर्ड भरला ९८० ग्रॅम, म्हणजे डेन्सिटी २६, आणि बिलावर मात्र ३४ लिहिणार होते! दुसऱ्या दुकानातून घेतला. एक तुकडा मागून आणा, वजन करा, बादलीत बुडवून वर वीट ठेवा, दुसऱ्या दिवशी पुसून परत वजन करा, हातभर तुकड्यात चार-पाच ग्रॅम वाढले तर ठीक, ग्लासभर पाणी प्यायला असेल तर तो बोर्ड परत द्या. कडा खाचेच्या मिळाल्या तर उत्तम, सांध्यातून उष्णता शिरत नाही. एका बोर्डात ८ चौरस फूट होतात, १००० फुटांना १२५ बोर्ड, वर पाच टक्के कापाकापीसाठी.

बसवायचा क्रम असा: उतार, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग दोन दिवस पाणी तुंबवून गळती बघायची (हे अजिबात टाळू नका), मग बोर्ड विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत, वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड सिंथेटिक कापड), चिकन मेश टाकून दोन इंची काँक्रीट आणि शेवटी टाइल किंवा चायना मोझॅक, शक्यतो पांढरं. या काँक्रीटचं वजन फुटाला दहा किलोच्या आसपास वाढतं, त्यामुळे जुना स्लॅब असेल तर इंजिनिअरला दाखवून घ्या. मिस्त्रीला एक गोष्ट बजावून सांगा, फर्निचरचा तो वासाचा डिंक या बोर्डाला लावायचा नाही, सॉल्व्हंटने बोर्ड डोळ्यादेखत विरघळतो, डांबरी शीटचा बर्नर पण जवळ न्यायचा नाही. वॉटरबेस किंवा सिमेंटचा गम चालतो.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा, आणि बोर्ड आले की जिन्याखाली सावलीत ठेवा, उन्हात पडून राहिले की वरचा थर पिवळा पडून भुकटी सुटते.