जर्मनीला कामासाठी जाताना मताधिकाराचा हिशेब कसा मांडावा

परिचारिका, इलेक्ट्रिशियन किंवा अभियंता म्हणून जर्मनीला निघालेल्याने पगाराबरोबर मताधिकाराचाही विचार आधीच करावा, कारण तिथे कर पहिल्या पगारापासून कापला जातो, मत मात्र नागरिकत्वाशिवाय मिळत नाही. कुशल मनुष्यबळाची चणचण इतकी, की २०२४ मध्ये जर्मनीने भारतीयांसाठीची वार्षिक व्हिसामर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने त्याच वर्षी महाराष्ट्राशी करारही केला.

परिचारिकेने जाण्यापूर्वीच जर्मन भाषेची बी-२ पातळी (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरील वरच्या मध्यम टप्प्याची) गाठावी, कारण शिक्षणाला मान्यता मिळेपर्यंत सहायकाच्या पगारावर भागवावे लागते. पगारपत्रके एकही न हरवता जपावीत. त्यांत प्राप्तिकराशेजारी निवृत्तिवेतन विम्याची ९.३ टक्के कपात दिसते, आणि अशी ३६ महिन्यांची वर्गणी झाली की कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. त्या परवान्यानेही मत मिळत नाही.

कर भरतो तर मत का नाही, हा प्रश्न रास्त आहे. श्लेस्विग-होल्श्टाइन आणि हाम्बुर्ग या जर्मन राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मताधिकार देणारे कायदे केले होते. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ते १९९० मध्ये रद्द केले. आता स्थानिक निवडणुकीत युरोपीय संघाच्या नागरिकांना मत आहे, आपल्याला नाही. तरीही मत कराशी जोडण्याची मागणी जपून करावी. प्रशिया या जर्मनीतल्या पूर्वीच्या सर्वांत मोठ्या राज्यात १९१८ पर्यंत कराच्या रकमेनुसार मतदारांचे तीन वर्ग होते आणि मूठभर धनिकांच्या वर्गाला बहुसंख्य गरिबांच्या वर्गाइतकेच वजन होते.

पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य, बी-१ म्हणजे बी-२च्या एक पायरी खालची जर्मन, स्वतःचे उत्पन्न आणि जर्मनीचे कायदे आणि समाज यांविषयीच्या चाचणीत ३३ पैकी १७ उत्तरे बरोबर, एवढ्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात मत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. गावाकडे सातबारा वाढवण्याचा बेत असणाऱ्याने हे घरच्यांशी आधीच बोलून घ्यावे.

तोवर भारतीय पारपत्र आहे, तर नमुना ६-अ भरून पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवावे. जुने मतदार ओळखपत्र त्या वेळी परत करावे लागते, आणि मतदानाला मूळ पारपत्र घेऊन केंद्रावर स्वतः यावे लागते, म्हणून वर्षाची रजा एकदम संपवू नये.