बॅरोट्रॉमाच्या पाणबुडीला आपोआप चालू होणारा इन्व्हर्टर बसवायचा तर

सांगलीत वाढलेल्या माणसाला लाईट जाणं नवीन नाही. जोराचा वळीव आला की लाईट गेली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा तर किती दिवस अंधारात काढले ते सांगायला नको. त्यामुळं बॅरोट्रॉमा खेळताना रिॲक्टर बंद पडून सगळी पाणबुडी काळी झाली की बाकीचे आरडाओरडा करतात आणि मी म्हणतो थांबा रे, इन्व्हर्टर बसवूया.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे, त्यात आपली पाणबुडी चालवायची, बाहेर जनावरं टपून बसलेली. ५ जून २०१९ ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरा तयार व्हायच्या आधीच खेळायला आला आणि १३ मार्च २०२३ ला पूर्ण व्हर्जन आलं. आम्ही चौघं खेळतो, मामाचा पोरगा कॅप्टन आणि मी इंजिनिअर, म्हणजे शिव्या खाणारा.

आता मुद्दा. बॅटऱ्या बऱ्याच पाणबुड्यांत असतातच, मग वेगळं काय करायचं? तर बॅटरी नुसती सगळ्यांच्यात जोडली की रिॲक्टर पडल्यावर इंजिन आणि तोफांचे सुपरकपॅसिटर (तोफा डागायला वीज साठवणारे डबे) मिळून ती पिऊन टाकतात आणि पंपाला काही उरतच नाही. घरी इन्व्हर्टरवर आपण गिझर चालवतो का? नाही ना. पंखे, ट्यूब, वायफाय, बास. इथंही तसंच.

म्हणून सब एडिटरमध्ये, म्हणजे गेममध्ये पाणबुडी बनवायची जागा असते तिथं, आधी लाईन दोन भागांत तोडा. एक जंक्शन बॉक्स (वीज वाटणारा डबा) मेन लाईनचा, त्यावर इंजिन, तोफा, फॅब्रिकेटर म्हणजे सामान बनवायचं मशीन. दुसरा जंक्शन बॉक्स गरजेच्या लाईनचा, त्यावर नेव्हिगेशन टर्मिनल, बॅलास्टचे पंप (पाणी आत-बाहेर करून पाणबुडी खाली-वर नेणारे), ऑक्सिजन जनरेटर आणि थोडे दिवे. दिव्यांचा मोह आवरा, आमच्या कॅप्टनला सगळीकडे झगमगाट पाहिजे असतो.

दोन्ही बॉक्सच्या मध्ये एक रिले, म्हणजे सिग्नलवर चालू-बंद होणारा स्विच, टाका, त्याला रिले एक म्हणू. पॉवर इनला मेन बॉक्स, पॉवर आऊटला गरजेचा बॉक्स. बॅटरीचं पॉवर इन मेन बॉक्सवर, म्हणजे चार्जिंग रिॲक्टरवरून होईल, आणि तिचं पॉवर आऊट रिले दोनमधून गरजेच्या बॉक्सवर. एका वेळी दोघांतला एकच रिले चालू पाहिजे. जनरेटरचा चेंजओव्हर स्विच बघितला असेल तर हे लगेच कळेल, तो एकतर इकडं नाहीतर तिकडं, दोन्हीकडं एकदम कधीच नाही, नाहीतर आपल्या जनरेटरचा करंट उलटा लाईनवर जाऊन डीपीवर चढलेल्या वायरमनला शॉक बसायचा.

रिलेला पॉवरची मर्यादा असते हे पण ध्यानात ठेवा, एडिटरमध्ये रिलेवर क्लिक केलं की मॅक्स पॉवर दिसतं, गरजेच्या लाईनचा लोड त्याच्या आत बसतोय का बघा.

आता रिॲक्टर गेला हे सर्किटला कळणार कसं? इथं मी पहिल्यांदा माती खाल्ली. गरजेच्या बॉक्सवर पण पॉवर व्हॅल्यू आऊट (किती पॉवर आहे तो आकडा देणारी पिन) असतं, मी म्हटलं तिथंच बघू, पॉवर शून्य झाली की बॅटरी चालू. झालं काय, लाईट गेली, बॅटरी चालू झाली, बॉक्सवर पॉवर आली, सर्किटला वाटलं रिॲक्टर आला, त्यानं बॅटरी काढली, परत पॉवर शून्य, परत बॅटरी चालू, असं चालूच. गणपतीच्या मिरवणुकीतली लाईट बरी अशी सगळी पाणबुडी लुकलुकायला लागली आणि आमचा कॅप्टन हेडफोनमध्ये ओरडतोय अरे डिस्को बंद कर, सोनार दिसंना! तेव्हा जिथं बॅटरी येऊन मिळते तिथं मोजायचं नाही. सिग्नल थेट रिॲक्टरच्या पॉवर व्हॅल्यू आऊटवरूनच घ्यायचा.

ती वायर ग्रेटर कंपोनंटच्या सिग्नल इन एकला लावा. सिग्नल इन दोनला मेमरी कंपोनंट लावा आणि त्यात १०० लिहा. रिॲक्टर १०० किलोवॅटच्या वर असेल तर ग्रेटर १ देणार, खाली आला तर ० देणार, म्हणून फॉल्स आऊटपुटमध्ये ० लिहिलेला आहे ना ते बघा, रिकामं ठेवू नका.

ग्रेटरचं आऊटपुट एका नॉट कंपोनंटला (१ चं ० आणि ० चं १ करणारा) द्या, आणि त्या नॉटचं कंटिन्युअस आऊटपुट चालू करा. हा टिक महत्त्वाचा आहे, कारण रिॲक्टर पार फुटला किंवा कोणी वायर ओढून काढली तर सिग्नलच येत नाही, आणि तेव्हाही हा नॉट आपणहून १ देत राहतो. या नॉटमधून एक वायर रिले दोनच्या सेट स्टेटला (१ आला की रिले चालू, ० आला की बंद), आणि दुसरी वायर अजून एका नॉटला, त्या दुसऱ्या नॉटमधून रिले एकच्या सेट स्टेटला. ग्रेटरवरून सरळ रिले एकला का नाही म्हणाल, तर सिग्नल मेला की रिले आहे त्याच अवस्थेत अडकून बसतो. दोन नॉट लावले की काही झालं तरी एक चालू, एक बंद.

पहिल्या नॉटवरूनच एक वायर अलार्मला द्या आणि अलार्मची पॉवर गरजेच्या बॉक्सवरून घ्या. नाहीतर बॅटरीवर चाललोय हेच कुणाला कळत नाही, आरामात चहा पीत बसतात.

१०० च का? मी आधी ३०० ठेवलं होतं, जरा सेफ म्हणून. स्टेशनला लावून उभे होतो, इंजिन बंद, तोफा बंद, सगळा लोड २८० च्या आसपास, रिॲक्टर एकदम ठणठणीत आणि ऑटोवर, म्हणजे लोड आहे तेवढंच बनवणार. सर्किट म्हणालं ३०० च्या खाली आहे, लाईट गेली! गरजेची लाईन बॅटरीवर टाकली, त्यामुळं रिॲक्टरवरचा लोड अजून कमी झाला, मग तर ३०० च्या वर जायचा प्रश्नच नाही. आम्ही बाजारहाट करून येईपर्यंत बॅटरी सपाट. म्हणून आकडा आपल्या उभ्या लोडच्या बराच खाली ठेवा. याचा तोटा असा की रिॲक्टर अर्धवट चालत असेल, नुसते दिवे मंद झाले असतील तर हे सर्किट हलणार नाही. ते मला चालतं, अर्धवट लाईट इंजिनिअरनं बघावी, त्यासाठीच ठेवलाय त्याला.

बॅटरी किती लावायच्या? साध्या बॅटरीत २००० किलोवॅट मिनिट मावतात आणि ती जास्तीत जास्त १००० किलोवॅट देते. गरजेच्या बॉक्सवर लोड व्हॅल्यू आऊट वाचा, समजा २५० आला, तर एक बॅटरी आठ मिनिटं. तेवढ्यात फ्युएल रॉड बदलून होतो, वेल्डिंग करून भोक बुजवायचं असेल तर दोन लावा.

आणि चार्जिंगचं विसरू नका, यात भलेभले फसतात. आपल्याकडं शेतीची लाईट आली की काय होतं, ज्यांनी ज्यांनी ऑटो स्विच लावलेत त्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीचा फ्यूज उडतो, मग परत तासभर अंधार. तसंच इथं, बॅटरी फुल रेटवर ५०० किलोवॅट ओढते, तीन रिकाम्या बॅटऱ्या म्हणजे १५००, आणि तुमचा रिॲक्टर नुकता कुठं डोळे उघडतोय. तेव्हा रिचार्ज रेट २० टक्क्यांच्या आसपास ठेवा, भरू दे सावकाश.

चालू कॅम्पेनमध्ये, म्हणजे एडिटरमध्ये नाही तर सुरू असलेल्या खेळात बसवायचं असेल तर स्क्रूड्रायव्हर आणि वायर हातात घेऊन पॅनल उघडा, पण इलेक्ट्रिकल स्किल कमी असलेल्याला पाठवू नका, शॉक खातो. आमच्या डॉक्टरनं हौसेनं हात घातला आणि मग डॉक्टरला कोण बघणार अशी पंचाईत.

टेस्ट एडिटरमध्येच करा. रिॲक्टर बंद करा, रिले दोन उठतोय आणि इंजिन मरतंय का बघा, परत चालू करा. मग रिॲक्टर बंद असतानाच सिग्नलची वायर उपटून काढा. त्यानंही पंप चालू राहिले, अलार्म वाजतच राहिला, तर सेव्ह करा आणि कॅप्टनला काही सांगू नका, पहिल्या ब्लॅकआऊटला त्याचं त्याला कळू दे.