नळीतून आहार: नुसत्या डाळीच्या पाण्यावर भागत नाही

अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या कॅन्सरचा रुग्ण नळी घालून घरी आला, की इंदूरच्या आपल्या घरांत पहिलं पातेलं चढतं ते मुगाच्या डाळीच्या पाण्याचं. पचायला हलकं, हे खरं. पण त्यात कस नसतो. ५० किलोच्या रुग्णाला रोज साधारण १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. नाहीतर नळी असूनही वजन उतरत राहतं.

नळी कुठे उघडते, ते आधी डिस्चार्जच्या कागदावर पाहा. जठरात असेल (नाकातली राइल्स ट्यूब किंवा पोटावरची पेग), तर एका वेळी २०० ते २५० मिली देता येतं. थेट लहान आतड्यात, म्हणजे एफजे (फीडिंग जेजुनोस्टोमी) असेल, तर असं ओतायचं नाही. आतड्यात साठवायला जागा नसते. मग पोटात कळा, घाम, जुलाब. तिथे तयार फॉर्म्युला, तोही ड्रिपने थेंब-थेंब, सांगितलेल्या वेगानेच.

जठराच्या नळीसाठी एका वेळचं माप: २०० मिली दूध, २० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर, दोन चहाचे चमचे साखर, एक चहाचा चमचा तेल. यातून पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि १३-१४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पाच वेळा दिलं की ५० किलोचा हिशेब बसतो. मधुमेह असेल तर साखरेचं विचारून घ्या. दूध सोसत नसेल तर मूगडाळ-भात मऊ शिजवून, मिक्सरमधून काढून, मलमलीतून गाळा; चहाची गाळणी पुरत नाही. साजूक तुपाचा आग्रह सोडा, जानेवारीच्या थंडीत ते नळीतच थिजतं. मोरधनाची (भगरीची) पेजही गार होता होता घट्ट होते.

बरेच दिवस पोटात काही गेलेलं नसेल, तर पहिल्याच दिवशी पूर्ण माप देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम एकदम घसरून हृदयावर बेतू शकतं. थोड्यापासून चढवत न्या, मधे रक्त तपासून.

देताना पाठ ३० ते ४५ अंश उचललेली हवी, नंतरही तासभर. नाकाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे ना, पाहा. सरकली असेल तर काहीही देऊ नका. नळी चिमटून ५० मिलीची सिरिंज दट्ट्या काढून लावा, उकळून कोमट केलेलं ३० मिली पाणी (आपल्याकडे घरी येणारं नर्मदेचं) आधी सोडा, मग फीड. सिरिंज पोटापासून वीतभर वर धरली की ते आपोआप उतरतं. वीस मिनिटं लागू द्या. हात अवघडतो म्हणून दट्ट्याने ढकललं की उलटी ठरलेलीच. सिरिंज पूर्ण रिकामी होण्याआधी पुढचं ओता, नाहीतर हवा जाते. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी.

नळी बहुतेक वेळा गोळ्यांनी तुंबते. प्रत्येक गोळी वेगळी कुटून पाण्यात विरघळवा, दोन गोळ्यांमधे १० मिली पाणी. हळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. त्यांचं पातळ औषध मागून घ्या. तुंबलीच तर कोमट पाण्याने दट्ट्या हलकेच पुढे-मागे करा. तार घालू नका, आतून फाटते.

देताना ठसका लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर तिथेच थांबा, नळी चिमटा आणि रुग्णाला लगेच दवाखान्यात न्या. पोटावरची नळी निसटली तर सकाळची वाट पाहू नका. भोक काही तासांत आकसतं. वर स्वच्छ गॉज ठेवा आणि निसटलेली नळी बरोबर घेऊन निघा.